गाठ दुखत नाही म्हणून गप्प बसू नका, घरी छाती कशी तपासायची

आपल्या खान्देशात बाया म्हणतात, दुखस नही ना, मंग कसाले दवाखाना? पण स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही.

पाळी सुरू झाल्यापासून ७ ते १० दिवसांनी, आणि पाळी गेली असेल तर दर महिन्याची कुठलीही एक ठराविक तारीख धरून, आरशासमोर हात वर करून बघा, मग आडवं होऊन बोटांच्या पेरांनी गोल गोल दाबत काखेपर्यंत जा. काखेत पण बघा हं, तिथंच राहून जातं. गाठ, खड्डा, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, आत ओढलेलं बोंड, बोंडातून रक्ताचं पाणी, काहीही नवीन दिसलं की आठवड्यात डॉक्टर. बऱ्याच गाठी साध्या निघतात, पण ते डॉक्टरने सांगू द्या.

३० च्या पुढं आशाताईला विचारा, सरकारी तपासणी असते. जळगाव, धुळे, नंदुरबारला सरकारी मेडिकल कॉलेज आहे.

सोबत जाल तर सातपुड्यातल्या पावरी बोलणाऱ्या बाईसाठी तिची भाषा येणारं कुणी न्या, कुणाला लेडी डॉक्टरच पाहिजे असते तर आधी विचारून घ्या, आणि केळीच्या बागेत जाणारीची त्या दिवसाची मजुरी बुडते, ती आपण चौघी मिळून भरू.