डिपर नीट लावला की अप्परची गरज फारशी उरत नाही

रात्री कायम अप्परवर, म्हणजे सरळ लांब जाणाऱ्या झोतावर, मोटरसायकल चालवणाऱ्याला विचारा, तो म्हणेल, "डिपरवर (खाली झुकलेल्या झोतावर) काही दिसतच नाही." बहुतेक वेळा ते खरं असतं, कारण त्याच्या डिपरचा झोत पंचवीस-तीस मीटरवरच जमिनीत घुसलेला असतो. ताशी 60 किलोमीटरला हे अंतर दोन सेकंदांच्या आत संपतं. त्यावर इलाज मोठ्या बल्बचा नाही. एक भिंत, मोजपट्टी, चिकटपट्टी आणि स्क्रूड्रायव्हर किंवा पाना पुरतो.

आधी बल्ब तपासा. आपल्याकडच्या रोजच्या वापराच्या बऱ्याच मोटरसायकलींत 35/35 वॅटचा एचएस1 प्रकारचा हॅलोजन बल्ब असतो. त्यात डिपरच्या फिलामेंटखाली (उजेड देणाऱ्या तारेखाली) धातूची छोटी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत वाटीचा, फक्त वरचा अर्धा भाग कामाला लागतो आणि झोत रस्त्यावर उतरतो. भिंतीवर उजेड-अंधाराची आडवी रेषा दिसते ती या वाटीमुळे. अप्परच्या फिलामेंटला वाटी नसते.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बल्ब कोंबला की त्याची उजेड देणारी चिप फिलामेंटच्या नेमक्या जागी बसेलच असं नाही, आणि मिलिमीटरभराच्या फरकानेही रेषा विस्कटते. भिंतीवर स्वच्छ रेषा दिसत नसेल तर पुढे जाऊच नका, तो बल्ब काढा. तेच बल्बच्या कडेचे कान तासून बसवलेल्या 60/55 वॅटच्या एच4 या मोठ्या हॅलोजन बल्बबद्दल. 35 वॅटला तीन अँपियर लागतात, 60 ला पाच. होल्डर आणि वायर तेवढ्यासाठी बनवलेले नसतात, ते वितळतात.

टायरची हवा बरोबर करा, काच पुसा.

सपाट जमिनीवर भिंतीपासून दिव्याच्या काचेपर्यंत बरोबर 5 मीटर मोजून गाडी उभी करा. एप्रिल 2017 नंतर आलेल्या बहुतेक मॉडेलना दिवा बंद करायचं बटण नसतं आणि दिव्यासाठी इंजिन चालू ठेवावं लागतं. म्हणून हे काम उघड्यावर करा, बंद गॅरेजमध्ये धुराने जीव गुदमरेल.

आता खरी मेख. बहुतेक सल्ले सांगतात, गाडी स्टँडवर लावा आणि दिवा वरखाली करा. साफ चूक. मधल्या स्टँडवर मागचं चाक उचललं जातं, साइड स्टँडवर गाडी कलते, आणि दोन्हींत तुमचं वजन गाडीवर नसतं. असा लावलेला दिवा रस्त्यावर उतरताच दुसरीकडेच बघतो.

हिशेब करून बघा. दोन चाकांमधलं अंतर सव्वा मीटर. मागे माणूस बसला आणि मागचा शॉकअप पुढच्यापेक्षा 4 सेंटीमीटर जास्त दबला, तर गाडी सुमारे 3 टक्क्यांनी नाक वर करते. 5 मीटरवर रेषा 16 सेंटीमीटर वर सरकते. 30 मीटरवर ती जवळजवळ एक मीटर वर जाते, म्हणजे समोरच्या कारवाल्याच्या डोळ्यांत. तुम्ही डिपरवरच आहात, तरी तो शिव्या घालतो, आणि त्याचं बरोबर असतं.

म्हणून तुम्ही सीटवर बसा, दोन्ही पाय जेमतेम टेकवून गाडी सरळ धरा आणि मोजायचं काम दुसऱ्याला द्या. रोज मागे कुणी बसत असेल तर त्यालाही बसवा. कधी एकटे, कधी दोघे असाल तर मागच्या शॉकअपची कॉलर (स्प्रिंगचा ताण बदलणारी कडी) एक-दोन खाचा घट्ट करून दोघांच्या वजनावर दिवा लावा. एकट्याने जाताना झोत थोडा खाली पडेल, ते चालतं. उलट झालेलं चालत नाही.

तसं बसलेलं असतानाच जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची घ्या आणि भिंतीवर तेवढ्या उंचीवर चिकटपट्टी लावा. तिच्या साडेसहा सेंटीमीटर खाली दुसरी. डिपरची रेषा या खालच्या पट्टीवर आणायची. दिवा 85 सेंटीमीटरवर असेल तर झोत सुमारे 65 मीटरवर रस्त्याला टेकतो. काही गाड्यांत दिव्याखाली एक स्क्रू असतो, काहींत बाजूचे दोन बोल्ट सैल करून दिवा हाताने कलवावा लागतो. बोल्ट आवळताना दिवा हमखास हलतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजा.

खात्रीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 106 वापरा. दिव्यापासून 8 मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला त्रास होता कामा नये. कुणाला तरी तिथे उभं करा, डोळे त्या उंचीवर आणायला थोडं वाकायला सांगा आणि विचारा.

एवढं झाल्यावर अप्पर फक्त रिकाम्या, दिवे नसलेल्या रस्त्यावर. पुढे गाडी असेल तर डिपरच, कारण तुमचा झोत तिच्या आरशात जातो. घाटात वळणापलीकडून उजेड दिसू लागला की लगेच खाली घ्या, गाडी दिसेपर्यंत थांबू नका. दिपलेले डोळे सावरायला काही सेकंद जातात. ताशी 60 ला तीन सेकंद म्हणजे 50 मीटर आंधळे. समोरचा अप्पर सोडत नसेल तर पास स्विच (अप्पर क्षणभर चमकवणारं बटण) एकदाच दाबा, नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा आणि वेग कमी करा. बदला म्हणून अप्पर मारलात तर दोघेही आंधळे होता.

पावसाळ्यात आंबोली किंवा ताम्हिणीच्या धुक्यात अप्पर लावलात की पुढे पांढरी भिंत उभी राहते, कारण धुक्याचे थेंब उजेड तुमच्याच डोळ्यांकडे परत फेकतात. तिथे डिपर, आणि काचेवरचं पाणी दर थांब्याला पुसायचं.