मेडिकलचा ऑनलाइन सेल वाढवायचाय? आधी 'औषधं संपत आली' म्हणून आठवण करणारे ते 'दर 30 दिवसांनी' जाणारे मेसेज बंद करा

कर्वेनगरात आमचं मेडिकल आहे, ऑनलाइन ऑर्डरी पण घेतो. जो तो सांगतो डेटा गोळा करा, ऑटोमेशन लावा, सेल आपोआप वाढतो. कसला आपोआप!

बिलिंग सॉफ्टवेअरमधून सहा महिन्यांची विक्री एक्सेलमध्ये काढा, बीपी-शुगर-थायरॉइडचे कायमचे पेशंट वेगळे करा. सर्दी-खोकलावाल्यांना सोडून द्या.

मग आठवणीचा मेसेज पाठवायची परवानगी. ऑर्डर दिली म्हणजे मेसेजला हो म्हटलं असं नसतं, 2023 चा डेटा कायदा वाचा. वेगळं विचारा.

आता खरी डोकेदुखी, मेसेजची तारीख काढणं. मी पण सुरुवातीला 30 दिवसांचा टायमर लावून मोकळा झालो होतो आणि ऑर्डरी का येत नाहीत म्हणून बसलो होतो. एका काकांच्या एकाच बिलात मेटफॉर्मिनच्या (शुगरची गोळी) पंधराच्या तीन स्ट्रिप आणि टेल्मिसार्टनच्या (बीपीची) पण तीन. दोन्ही 45 गोळ्या. पण मेटफॉर्मिन 1-0-1 (सकाळी एक, रात्री एक), म्हणजे साडेबावीस दिवसात संपली, आणि टेल्मिसार्टन 1-0-0, ती 45 दिवस पुरते. तिसाव्या दिवशी आमचा मेसेज गेला तेव्हा काकांनी एक गोळी आठवड्यापूर्वीच कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली आणि दुसरीच्या पंधरा गोळ्या डब्यात पडून. ते वैतागणार नाहीत तर काय.

बिलात डोस नसतो हो, तो प्रिस्क्रिप्शनवर असतो. त्यामुळे ऑर्डर घेतानाच प्रत्येक औषधापुढे रोजच्या गोळ्या टाका, अर्धी असेल तर 0.5. अंदाजाने कधीच टाकू नका, फोन करून विचारा. गोळ्या भागिले डोस, त्यातून पाच दिवस वजा, ती मेसेजची तारीख. आणि शिल्लक धरा! अठरा दिवसांनी पुढची मेटफॉर्मिन दिली तर घरात नऊ गोळ्या असतात, म्हणजे पुढचा हिशोब 45 वर नाही, 54 वर. हे विसरलात की दर महिन्याला तारीख सरकत जाते, मी तीन महिने सॉफ्टवेअरवाल्याला शिव्या देत होतो, चूक माझी होती.

मेसेजमध्ये औषधाचं नाव टाकू नका. घरात चौघांचा एकच नंबर असतो. आमच्याकडून एकदा डिप्रेशनच्या गोळीचं नाव सासूबाईंच्या मोबाइलवर गेलं, त्या ताई परत आल्या नाहीत. 'तुमची नेहमीची औषधं संपत आली असतील' एवढं बास. पेशंटनुसार वेगळी नोंद ठेवा, नंबरनुसार नाही. शेड्यूल एचच्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांवर 'धमाका ऑफर' तर मुळीच नको, त्यांची जाहिरात चालत नाही, आणि प्रिस्क्रिप्शन जुनं झालं असेल तर आधी नवीन मागा.

एसएमएसचा टेम्प्लेट (ठरलेला मजकूर) डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या मेसेज-नोंदणी पोर्टलवर रजिस्टर करा, नाहीतर जाणारच नाही.

दोन दिवसात उत्तर नाही आलं तर दुसरा मेसेज नको, दुकानातल्या पोराला फोन करायला सांगा. बऱ्याचदा काका म्हणतात, अरे मी मुलाकडे ठाण्याला आलोय, इथूनच घेतल्या. मग तारीख पुढे ढकला.