अल्टो म्हणजे तिसऱ्या फ्रेटवर कायमचा कॅपो

वीस वर्षं गिटार वाजवल्यावर, बेचाळिसाव्या वर्षी मी अल्टो सॅक्सोफोन घेतला. सूर कळतात, ताल पक्का आहे, बोटांना सवय आहे, म्हणजे अर्धं काम झालंय असं मी धरून चालले होते. पण गिटारमध्ये सूर फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्टीवर, तयार बसलेला असतो, तुम्ही फक्त तार छेडायची. सॅक्समध्ये तो दर वेळी ओठांनी आणि श्वासाने नव्याने घडवावा लागतो. गिटारमुळे कान तयार असतो, हा फायदा फार मोठा आहे. तोंड मात्र शून्यापासून तयार करायचं.

आधी पट्टीचं बोलू, कारण गिटारवाले सगळ्यात जास्त तिथेच गोंधळतात. अल्टोवर लिहिलेला सी वाजवला की ऐकू येतो ई फ्लॅट, म्हणजे पेटीवरची काळी दोन. यासाठी तक्ते पाठ करू नका. गिटारला तिसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावा. आता सीच्या शेपमध्ये जे वाजतं ते अल्टोचं सी, जीच्या शेपमध्ये वाजतं ते अल्टोचं जी. नावं तंतोतंत जुळतात, सप्तक तेवढं वेगळं असू शकतं. मला हे तिसऱ्या महिन्यात उमगलं आणि डोक्यावरचं ओझंच उतरलं. तुम्ही टेनर, म्हणजे अल्टोहून मोठा सॅक्सोफोन, घेतलात तर गिटारच्या सहाही तारा एक पूर्ण स्वर खाली उतरवा, तीच गंमत होते.

ही बाजू उलटीकडूनही समजून घ्या. मित्र कॅपोशिवाय जीमध्ये वाजवत असेल तर तुम्हाला ई लागतो, त्याने डी घेतला तर बी, आणि त्याच्या लाडक्या ईला तुमच्या वाट्याला सी शार्प येतो. म्हणजे त्याच्या सोप्या पट्ट्या तुम्हाला अवघड. सुरुवातीला त्यालाच कॅपो लावायला सांगा. गाणारी काळी पाचमध्ये गात असेल तर तुमचा जी, काळी दोनमध्ये असेल तर तुमचा सी. दोन्ही सॅक्सवर हाताला सोप्या.

वाद्य घेताना एक चूक टाळा. मी जुनं, स्वस्तात मिळालेलं घेतलं, तेही कोणाला न दाखवता. मधले सूर बरे येत, पण खालचा डी आणि सी निघायचेच नाहीत, नुसती घरघर. दोन महिने मी ओठांना दोष दिला, जोर लावून फुंकलं, रोज जबडा दुखायचा. शेवटी लग्नाच्या बँडमध्ये आयुष्यभर सॅक्स वाजवलेल्या एका मास्तरांकडे घेऊन गेले. त्यांनी खोलीतला दिवा मालवला, वायरला बांधलेला एक छोटा बल्ब वाद्याच्या नळीत सोडला आणि एकेक चावी अलगद दाबली. उजव्या हाताच्या एका पॅडच्या, म्हणजे भोक झाकणाऱ्या गादीच्या, कडेने उजेडाची बारीक रेघ बाहेर आली. ते म्हणाले, "ताई, तुमच्या ओठाचा काही दोष नाही. हवा इथून पळते." पॅड बदलला आणि त्याच संध्याकाळी खालचा डी मोकळा वाजला. तेव्हा जुनं वाद्य जरूर घ्या, पण वाजवणाऱ्या माणसाला आणि दुरुस्ती करणाऱ्याला दाखवूनच घ्या.

पहिला आठवडा वाद्य जोडूच नका. फक्त माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा भाग, आणि रीड, म्हणजे त्यावर बसणारी थरथरणारी पातळ पट्टी. रीड 2 नंबरची घ्या, त्याहून जाड नको. ती मिनिटभर तोंडात ओली करा, माउथपीसच्या टोकाशी तिचं टोक जुळवून बसवा आणि लिगेचरचे, म्हणजे रीड धरून ठेवणाऱ्या कड्याचे, स्क्रू रीड हलणार नाही इतपतच पिळा. तोंडात किती घ्यायचं हे ठरवायला रीड आणि माउथपीसच्या फटीत एक कागद हलकेच सरकवा. तो जिथे अडकतो, साधारण तिथे खालचा ओठ आला पाहिजे. खालचा ओठ खालच्या दातांवर किंचित दुमडा, वरचे दात थेट माउथपीसवर टेका, आणि 'ऊ' म्हणताना ओठ चारी बाजूंनी जवळ येतात तसे आणा. चावायचं नाही.

आता फुंका आणि गिटारच्या पहिल्या तारेवर सतराव्या फ्रेटचा ए वाजवून बघा. नुसत्या अल्टोच्या माउथपीसमधून साधारण तोच सूर यायला हवा. फार वर जात असेल तर तुम्ही चावताय, फार खाली असेल तर तोंड ढिलं आहे. मग नेक, म्हणजे माउथपीस बसतो ती वाकडी नळी, जोडा. आता सूर पहिल्या तारेच्या चौथ्या फ्रेटच्या ए फ्लॅटजवळ येतो. इथे गिटारवाल्याच्या कानाचं खरं चीज होतं. नवख्याला जे मास्तरांनी सांगावं लागतं, ते तुम्हाला स्वतःला ऐकू येतं.

जीभ म्हणजे तुमचं पिक. श्वास अखंड चालू ठेवायचा आणि जिभेच्या शेंड्याने रीडचं टोक हलकेच शिवून लगेच सोडायचं. मराठी माणसाला हे सांगणं सोपं आहे: 'द' म्हणा. ठळक सुरुवात हवी तर 'त'. 'ट' नको, त्यात जीभ मागे वळते. 'थ' तर नकोच, श्वासाचा धक्का बसतो. जीभ न लावता एका श्वासात बोटं बदलली की होतं ते गिटारचं हॅमर-ऑन आणि पुल-ऑफ. पाच मिनिटं सगळे 'द'ने, मग पाच मिनिटं जीभ न लावता, असा सराव ठेवा.

बोटांचं थोडक्यात. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने बी, त्यात दुसरं घातलं की ए, तिसरं घातलं की जी. हे तीन सूर पंधरा दिवस पुरतात. अंगठ्याजवळची ऑक्टेव्ह चावी दाबली की जवळजवळ त्याच बोटांनी वरचं सप्तक मिळतं, बाराव्या फ्रेटसारखं. अडतं ते मधल्या सीवरून वरच्या डीवर जाताना, कारण सीला एक बोट लागतं आणि डीला सहा बोटं आणि अंगठा एकदम पडावा लागतो. ही एकच उडी रोज हळूहळू वीस वेळा करा. आणि दाबू नका! तारेवर जोर देण्याची आपली सवय इथे आड येते. बोटं शिंपल्यासारख्या गोल बटणांवर नुसती टेकलेली राहिली पाहिजेत, उचलली तरी जेमतेम.

गिटारवर मी कधी श्वासाचा विचार केला नव्हता. सोलो वाजवताना ओळीमागून ओळ, कुठे थांबणंच नाही. सॅक्सवर तीच ओळ चौथ्या मात्रेला दम संपून तुटायची. त्यामुळे ओळ आधी गाऊन बघते, गाताना जिथे आपोआप श्वास घेतला जातो तिथे कागदावर पेन्सिलने खूण करते, मगच वाद्य तोंडाला लावते. रोजचा सराव सुरू होतो लांब सुरांनी: मेट्रोनोम 60 वर, एक सूर आठ मात्रा, ट्यूनरची सुई न हलू देता. ट्यूनरवर नाव वेगळं दिसेल, घाबरू नका. तुमच्या जीला तो बी फ्लॅट दाखवतो आणि बरोबर दाखवतो. सूर चढा असेल तर माउथपीस नेकच्या टोकाच्या कॉर्कवर किंचित बाहेर ओढा, उतरा असेल तर आत ढकला.

तार ओढून सूर चढवायची सवय असेल तर मींड हवीहवीशी वाटणारच. सॅक्सवर ती सहसा खालून वर येते: जबडा किंचित सैल करून सूर उतरवायचा आणि मग जागेवर आणायचा. कद्री गोपालनाथ यांचं वादन मन लावून ऐका. चाव्यांच्या या वाद्यावर त्यांनी कर्नाटक संगीतातली गमकं वाजवली. पण स्वतः हे सहा महिन्यांनंतरच करा. सूर स्थिर झालेला नसेल तर मींड नुसती डगमग वाटते.

वाजवून झाल्यावर नळीतून कापड ओढून ओल पुसा आणि रीड काढून तिच्या डबीत ठेवा. पावसाळ्यात जी शार्पचा पॅड चिकटतो. चावी दाबून पॅड उघडा, खाली पातळ कागद सरकवा आणि चावी सोडा, की ओल निघते.

आवाजाचंही आधीच ठरवा, कारण या वाद्यात कुजबूज नाही. घंटीत, म्हणजे वाद्याच्या रुंद तोंडात, कपडे कोंबून उपयोग होत नाही, आवाज नळीवरच्या उघड्या भोकांतूनही येतो. मी कपड्यांच्या उघड्या कपाटाकडे तोंड करून वाजवते आणि शेजारच्या काकूंना विचारून संध्याकाळी साडेपाच ते सव्वासहा ही वेळ घेतली आहे.

त्यातली शेवटची दहा मिनिटं गिटारसाठी ठेवा. तिसऱ्या फ्रेटवर कॅपो, जी, सी, डीचे शेप, फोनवर दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग. मग गिटार खाली, सॅक्स गळ्यात, आणि आपल्याच कॉर्ड्सवर बी, ए, जी.