वेजमधली फट अशी बुजवली

गोल्फमध्ये जवळच्या, उंच फटक्यांसाठीचे क्लब (काठ्या) म्हणजे वेज. माझी पिचिंग वेज पूर्ण मारली की चेंडू ११० यार्ड, सँड वेजने ८०. मधलं अंतर आलं की अर्धवट स्विंग आणि रामभरोसे! दोन्हींचे लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या तोंडाचा तिरकेपणा, मोजून घेतले: ४४ आणि ५६ अंश. हल्लीच्या आयर्न (धातूच्या पातळ तोंडाचे क्लब) सेटमध्ये पिचिंगचा लॉफ्ट कमी ठेवतात, म्हणून ही फट. ५० अंशांची गॅप वेज घेतली. बॅगेत १४ क्लबचीच मुभा, म्हणून धूळ खात पडलेली ३ नंबरची आयर्न काढली. ६० अंशांच्या लॉब वेजच्या नादी लागलो नाही, ती रोज सराव करणाऱ्यांनीच घ्यावी.

बाउन्स, म्हणजे वेजच्या तळाचा कोन, मात्र जमीन बघून निवडा. पुण्यात पावसाळ्यात १०-१२ अंश बरे, नाहीतर कड चिखलात रुतते. उन्हाळ्यातल्या टणक जमिनीवर तेच वेज आपटून उसळतं आणि चेंडूच्या पोटात बसतं, चेंडू थेट ग्रीनपार (भोकाभोवतीच्या हिरवळीपलीकडे). तिथे मी सरळ पिचिंगनेच चिप करतो, म्हणजे छोटा, बुटका फटका मारतो: वजन डाव्या पायावर, मनगट मोडायचं नाही.