०-१० व्होल्टवरून पीडब्ल्यूएम: टीएल४९४ उलटा चालतो, हे आधी लक्षात घ्या

जालन्यात बियाण्यांच्या ग्रेडिंग मशीनची पॅनेलं मी बनवतो. पीएलसीतून (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमधून) वेगाचा सिग्नल म्हणून ०-१० व्होल्ट येतात आणि फीड बेल्टची मोटर २४ व्होल्ट डीसी असते. तिचा वेग पीडब्ल्यूएमनं, म्हणजे वीज झपाट्यानं चालू-बंद करून, बदलायचा. तयार ड्राइव्ह मिळतात. पण ऐन सीझनमध्ये बंद पडलं तर टीएल४९४ या पीडब्ल्यूएम आयसीचं कार्ड जागेवर दुरुस्त होतं, म्हणून मला तेच बरं वाटतं.

आयसीत करवतीच्या दात्यांसारखी लहर सतत चालू असते. ती लहर पिन ३ वरच्या व्होल्टेजच्या वर असेल तेवढाच वेळ आउटपुट चालू. म्हणजे पिन ३ वर ०.५ व्होल्ट असले की पल्स सर्वांत रुंद, साधारण ३.५ ला शून्य. पीएलसीला मात्र १० व्होल्टला पूर्ण वेग हवा. नवी पोरं इथंच गोंधळतात.

उलटवायला वेगळा ऑप-अ‍ॅम्प नको, आयसीच्या आतल्या दोनांपैकी पहिलाच वापरा. सिग्नल १०० के (किलोओहम) रेझिस्टरमधून पिन २ ला, पिन २ ते ३ मध्ये ३० के. पिन १४ च्या ५ व्होल्टवरून मल्टिटर्न प्रीसेट (बारीक फिरवायचा व्हेरिएबल रेझिस्टर) लावून पिन १ वर २.६९ व्होल्ट ठेवा. २.६९ गुणिले १.३ म्हणजे ३.५, त्यातून इनपुटच्या ०.३ पट वजा होतात. ५ व्होल्ट दिले की पिन ३ वर २, म्हणजे जवळपास अर्धी ड्यूटी (अर्धा वेळ आउटपुट चालू). दुसरा अ‍ॅम्प्लिफायर मोकळा सोडू नका: १६ ग्राउंडला, १५ थेट १४ ला.

आता खरी गोम. सिग्नलची तार निघाली तर १०० के हवेत लटकतो, अ‍ॅम्प्लिफायर फॉलोअर होतो, म्हणजे पिन १ चं व्होल्टेज जसंच्या तसं पुढे देतो, पिन ३ वर तेच २.६९ येतात आणि मोटर सुमारे २७ टक्क्यांवर फिरत राहते. बेल्टजवळ कुणाचा हात असला तर? म्हणून कार्डाच्या इनपुट टर्मिनलवर, १०० के च्या आधी, १० के ग्राउंडला लावाच. मोटर जोडून, अर्ध्या वेगावर असताना तार उपसून बघा. थांबली नाही तर कार्ड पॅनेलमध्ये बसवायचं नाही.

फ्रिक्वेन्सी सोपी: पिन ५ ला १० नॅनोफॅरड, पिन ६ ला ५.६ के, दोन्ही ग्राउंडला. १.१ भागिले आर गुणिले सी, म्हणजे साधारण १९.६ किलोहर्ट्झ, मोटर शिट्टी मारत नाही. पिन १३ आणि ७ ग्राउंड. पिन १२ ला ७८१२ रेग्युलेटरमधून १२ व्होल्ट. पिन ४ ला १४ कडून ४७ मायक्रोफॅरड आणि ग्राउंडला १० के, म्हणजे लाइट येताच बेल्ट झटका देत नाही.

८ आणि ११ बारा व्होल्टला, ९ आणि १० एकत्र करून १ के ग्राउंडला, तिथून टीसी४४२० हा गेट ड्रायव्हर आणि मग मोटर चालू-बंद करणाऱ्या मॉस्फेटचा गेट. दुकानदारानं टीसी४४२९ दिला तर घेऊ नका, तो सिग्नल उलटवतो. मोटरवर फास्ट किंवा शॉटकी डायोडच हवा. १एन४००७ या फ्रिक्वेन्सीला टिकत नाही. हीटसिंक मोठाच घ्या, मे महिन्यात इथं पारा ४२ ला जातो आणि पॅनेल पत्र्याच्या शेडमध्ये असतं. मोटरचा करंट मॉस्फेटच्या सोर्सवरून जाड तारेनं थेट सप्लायला न्या, पीएलसीचा ग्राउंड त्याला एकाच बिंदूवर जोडा.