वेबसाइट की अ‍ॅप? प्लॅटफॉर्म निवडताना या चुका टाळा

नव्या प्रॉडक्टची पहिली बैठक बहुतेक वेळा "आपल्याला अ‍ॅप करायचं आहे" या वाक्याने सुरू होते आणि प्लॅटफॉर्मचा निर्णय झाला असं सगळे धरून चालतात. वापरणारा हे काम दिवसातून दहा वेळा करणार की वर्षातून दोनदा, तेव्हा त्याच्या हातात मोबाइल असेल की समोर कीबोर्ड, तिथे रेंज असेल का, हे प्रश्न निघतात तोवर निम्म्या स्क्रीन काढून झालेल्या असतात.

क्रम उलटा ठेवा. प्रॉडक्टमधलं सगळ्यांत महत्त्वाचं एकच काम निवडा आणि ते जागा, वेळ, साधन यांसकट एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ, "तपासनीस तळघरात उभा राहून 40 फोटो काढतो आणि प्रत्येकाखाली शेरा लिहितो, तिथे रेंज नसते." ऑफलाइन साठवण, कॅमेरा, एका हाताने चालेल अशी मांडणी, हे सगळं या वाक्यातच आलं. इथे मोबाइल अ‍ॅपच हवं. "रुग्ण सहा महिन्यांतून एकदा तपासणीची वेळ ठरवतो" असं वाक्य असेल, तर त्यासाठी कोणी अ‍ॅप उतरवून ठेवणार नाही. लिंक दाबली की उघडणारं वेब पान पुरतं. तपासनिसाचे तेच फोटो कार्यालयात बसून पडताळणाऱ्या माणसाला मात्र मोठा स्क्रीन आणि कीबोर्ड लागतो. प्रॉडक्ट एक असलं तरी कामं दोन, म्हणून प्लॅटफॉर्मही दोन असू शकतात.

चूक: वेबच्या मर्यादा शेवटी तपासणं

"वेब अ‍ॅपमध्ये आता सगळं होतं" हे अँड्रॉइडवरच्या क्रोमपुरतं बरंचसं खरं आहे. आयफोनवर मात्र घोडं पेंड खातं. तिथे क्रोम उघडलं तरी आत पान दाखवणारं इंजिन जवळपास सर्वत्र सफारीचंच, म्हणजे वेबकिट असतं. त्यामुळे "सफारीत चालत नसेल तर क्रोम वापरा" हा तोडगा कामाचा नाही.

आयफोनवर वेब नोटिफिकेशन मार्च 2023 मध्ये, आयओएस 16.4 पासून मिळू लागली. तीही वापरणाऱ्याने पान होम स्क्रीनवर जोडलं असेल तरच, आणि त्याने एखादं बटण दाबल्यावर परवानगी मागितली तरच. होम स्क्रीनवर जोडण्यासाठी आपल्याकडून खिडकी दाखवता येत नाही. वापरणाऱ्याने स्वतः शेअरच्या मेनूत जाऊन तो पर्याय शोधायचा असतो. बहुतेक जण तिथवर पोहोचत नाहीत. ज्या प्रॉडक्टचा जीव नोटिफिकेशनवर आहे, त्याने एवढ्यावर विसंबू नये.

ब्लूटूथ आणि एनएफसी (फोन यंत्राजवळ नेला की होणारी जोडणी) सफारीतल्या वेब पानाला वापरताच येत नाहीत. यंत्राशी जोडणी हवी असेल तर नेटिव्ह कोड, म्हणजे थेट त्या फोनच्या प्रणालीसाठी लिहिलेला कोड, आलाच.

साठवणुकीचा फटका सगळ्यांत उशिरा कळतो. सफारीत साइटशी संबंध न येता ब्राउझर वापराचे 7 दिवस गेले, तर स्क्रिप्टने लिहिलेला डेटा पुसला जातो. इंडेक्स्ड-डीबीत (ब्राउझरमधल्या साठ्यात) ठेवलेले, सर्व्हरवर अजून न चढलेले फॉर्मही त्यात आले. होम स्क्रीनवर जोडलेल्या अ‍ॅपला ही अडचण सहसा येत नाही, पण वापरणारा जोडेलच याची खात्री कोण देणार? "माझे भरलेले फॉर्म गेले" अशी तक्रार फक्त आयफोनवाल्यांकडून, तीही सुट्टीनंतर येत असेल, तर आधी इथे बघा.

म्हणून स्क्रीन काढण्याआधी सगळ्यांत अवघड क्षमतेचा कच्चा नमुना करा. एक बटण, एक फोटो, एक नोटिफिकेशन एवढं पुरे. तो खऱ्या आयफोनवर आणि कमी मेमरीच्या अँड्रॉइडवर चालवा. सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकावरच्या आभासी फोनवर, भागवू नका. तिथे बॅटरी वाचवणारी व्यवस्था खऱ्यासारखी आड येत नाही. अँड्रॉइड 6 पासून पडून असलेला फोन मागची कामं लांबणीवर टाकतो, काही कंपन्यांचे फोन त्याहून कडक वागतात, आणि आयफोनवर पार्श्वभूमीतलं काम ठरल्या वेळी होईल याची हमी नसते.

चूक: वेबसाइट वेबव्ह्यूत गुंडाळून स्टोअरवर टाकणं

साइट वेबव्ह्यूत, म्हणजे अ‍ॅपच्या आत वेब पान दाखवणाऱ्या चौकटीत, बसवण्याचा हा आडमार्ग वाटतो स्वस्त, पण अ‍ॅपलच्या नियमावलीतलं कलम 4.2 नेमकं यासाठीच आहे. साइटपेक्षा वेगळं काही देत नसलेलं अ‍ॅप परत पाठवलं जातं. मंजूर झालं तरी तीन ठिकाणी हमखास अडतं. गूगलचं लॉगिन वेबव्ह्यूत चालत नाही, ते सिस्टिमच्या ब्राउझर टॅबमधूनच करावं लागतं. अँड्रॉइडचं बॅक बटण मागच्या पानावर न नेता थेट अ‍ॅप बंद करतं, कारण वेबव्ह्यूचा इतिहास आपण तपासलेला नसतो. आणि "फाइल निवडा" दाबल्यावर काहीच होत नाही, कारण फाइल निवडीची खिडकी उघडण्याचं काम अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूत आपल्याला स्वतः जोडावं लागतं. ब्राउझरमध्ये हे फुकट मिळालेलं असतं म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही.

चूक: क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणजे निम्मा खर्च, असं समजणं

फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह यांसारख्या, एकाच कोडमधून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींसाठी अ‍ॅप काढणाऱ्या साधनांमध्ये स्क्रीन आणि व्यवहाराचे नियम एकदा लिहिले की दोन्हीकडे चालतात, हे खरं. पण परवानग्या, नोटिफिकेशन, पेमेंट, पार्श्वभूमीतली कामं आणि स्टोअरची प्रक्रिया दोन्हीकडे वेगळीच राहते. चाचणी तर पूर्ण दुप्पट. आयओएससाठी बिल्ड करायला एक्सकोड हे अ‍ॅपलचं साधन लागतं आणि ते मॅकवरच चालतं. ऐन वेळी कळायला नको. एअरबीएनबीने 2018 मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह सोडत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा जुना नेटिव्ह कोड आणि नवा सामाईक कोड यांच्या सांध्यावर जाणारं श्रम हे एक मोठं कारण होतं. नव्याने सुरू होणाऱ्या, फॉर्म आणि याद्या असलेल्या अ‍ॅपला हे तंत्र छान जमतं. आधीच मोठं नेटिव्ह अ‍ॅप असेल तर मात्र दहादा विचार करा.

फ्लटरमधूनच वेबसाइटही काढायचा मोह होतो. लॉगिनच्या आतल्या पॅनेलसाठी चालेल. शोधातून वाचक येण्याची गरज असलेल्या पानांसाठी नको: मजकूर साध्या एचटीएमएलऐवजी कॅनव्हासवर चित्रासारखा रंगवला जातो आणि पहिलं पान उघडायला वेळ लागतो.

चूक: स्टोअरचे नियम वेळापत्रकात न धरणं

गूगल प्लेवर 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल, तर अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान 12 परीक्षकांनी सलग 14 दिवस चाचणीत असावं लागतं. संस्थेच्या खात्याला ही अट नाही. दोन्ही स्टोअर, अ‍ॅपमध्ये खातं उघडता येत असेल तर ते अ‍ॅपमधूनच काढून टाकण्याची सोय मागतात; म्हणजे ती स्क्रीन पहिल्या आराखड्यातच हवी. अ‍ॅपमध्ये डिजिटल मजकूर किंवा वर्गणी विकायची असेल, तर साधारण 15 ते 30 टक्के कमिशन हिशेबात धरा. प्रत्यक्ष वस्तू आणि सेवांना ते लागू नाही. हे नियम देशानुसार बदलत आहेत, म्हणून दर ठरवण्याआधी चालू मजकूर वाचा.

शिवाय अ‍ॅपची जुनी आवृत्ती लोकांच्या फोनवर वर्षानुवर्षं राहते. वेबवर दुरुस्ती लगेच पोहोचते, इथे नाही. पहिल्याच आवृत्तीत "किमान चालणारी आवृत्ती" सर्व्हरला विचारण्याची सोय ठेवा. नंतर घातलेली सोय आधीच्या आवृत्त्यांना लागू होत नाही.

लिंक अ‍ॅपऐवजी ब्राउझरमध्ये उघडते?

वेब आणि अ‍ॅप दोन्ही ठेवणाऱ्यांची ही नेहमीची डोकेदुखी. डोमेनवरच्या पडताळणी फाइल, म्हणजे हे डोमेन आणि अ‍ॅप एकमेकांचे आहेत असं सांगणाऱ्या फाइल, आधी बघा. त्या एचटीटीपीएसवरून, कुठेही रीडायरेक्ट न होता मिळायला हव्यात. अँड्रॉइडवर बहुतेक वेळा दोष सहीचा असतो: फाइलमध्ये अपलोड कीचा (अ‍ॅप स्टोअरवर चढवताना आपण वापरलेल्या सहीच्या किल्लीचा) ठसा टाकलेला असतो, पण लोकांच्या फोनवर पोहोचणारं अ‍ॅप गूगलने स्वतःच्या साइनिंग कीने सही केलेलं असतं. प्ले कन्सोलमधून त्या कीचा एसएचए-256 ठसा घेऊन फाइलमध्ये जोडा.

प्लॅटफॉर्म आधीच चुकला असेल तर

सगळं एकदम नव्याने लिहायला घेऊ नका. आधी नियम आणि हिशेब स्क्रीनच्या कोडमधून काढून सर्व्हरच्या एपीआयमागे, म्हणजे सर्व्हरशी बोलण्याच्या ठरलेल्या दारामागे, न्या. नो-कोड (कोड न लिहिता चालणाऱ्या) साधनावर उभारलेलं प्रॉडक्ट असेल, तर पहिल्याच दिवशी पूर्ण डेटा बाहेर काढून बघा. तक्त्यांमधले परस्परसंबंध आणि जोडलेल्या फाइल बाहेर येतात का, हे विशेष तपासा. पासवर्ड मात्र सहसा येत नाहीत आणि लोकांना नवा पासवर्ड ठरवायला सांगावं लागतं. मग ज्या एका कामामुळे तक्रारी येतात तेवढंच नव्या प्लॅटफॉर्मवर हलवा आणि दोन्ही बाजू एकाच एपीआयवर चालू ठेवा. जुन्या बाजूकडे त्या कामाच्या विनंत्या येणं थांबलं, की पुढचं काम उचला.