‘यी चर् माव’: लहान मुलांना चिनी मापशब्द शिकवताना

मराठीत आपण ‘एक मांजर’ म्हणतो आणि मोकळे होतो. मँडरिन चिनीत आकडा नामाला थेट चिकटत नाही, मध्ये एक छोटा शब्द लागतोच. मांजर म्हणजे ‘माव’. आपल्या माऊच्या इतकं जवळचं की मुलं ते लगेच उचलतात. पण एक मांजर म्हणजे ‘यी चर् माव’. मधला ‘चर्’ हा मापशब्द. ‘हे मांजर’, ‘ते मांजर’, ‘किती मांजरं’ म्हणतानाही तो हवाच. आपल्याकडे याची पुसट सवय आहे: चार जणी, मेथीची जुडी, केळ्यांचा घड. आपण ‘चार मुली’ म्हणून हा शब्द टाळू शकतो, चिनी माणसाला मात्र ती सूट नाही.

चीनमध्ये पहिली-दुसरीच्या भाषेच्या अभ्यासात मापशब्दांच्या रिकाम्या जागा भरायला असतात. त्या भीतीने सिंगापूर, शांघायमधले मराठी पालकही तक्ता पाठ करून घेतात. चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी तक्ता नकोच. तक्त्यात मापशब्द एकीकडे आणि नाम दुसरीकडे पडतं. मूल कागदावर जोड्या बरोबर लावतं आणि बोलताना मधली जागा रिकामी सोडतं. शब्द शिकवायचा तो पहिल्या दिवसापासून सबंध तुकड्यात, एका श्वासात: यी चर् माव.

आधी थोडं उच्चारांचं. रोमन लिपीत चिनी वाचताना आपण ‘बी’ला ब, ‘डी’ला द, ‘जी’ला ग म्हणतो. प्रत्यक्षात ते प, त, क आहेत आणि ‘पी’, ‘टी’, ‘के’ हे फ, थ, ख (फ ओठ मिटून, ‘फळ’मधला). मराठी कानाला हा फरक जन्मापासून येतो, म्हणून शब्द देवनागरीत टिपून ठेवा. ‘चर्’मधला च जीभ मागे वळवून म्हणायचा. ‘खूत्स’च्या (पँट) शेवटचा ‘त्स’ म्हणजे जवळजवळ आपल्या ‘चाका’तला च.

दुसरी अडचण ‘यी’च्या (एक) सुराची, म्हणजे आवाजाच्या चढ-उताराची. एकटा असताना त्याचा सूर सपाट असतो. पुढचा मापशब्द पडत्या सुराचा असेल, जसा ख्वाय (तुकडा) किंवा ल्यांग (गाडीसाठी), तर ‘यी’ चढतो. सर्वांत साधा मापशब्द ‘क’ पुढे आला तरीही चढतो. चर्, चांग, थ्याव, पन् (पुस्तकासाठी), पा यांच्या आधी तो पडतो. हा नियम मुलाला सांगू नका. तुकडा सबंध ऐकवला की सूर आपोआप बसतो. आकडा आणि मापशब्द वेगवेगळे घोकलेल्या मुलाचा ‘यी’ मात्र कायम सपाट राहतो आणि तो सुधारायला फार वेळ लागतो. तसंच, मोजताना दोन म्हणजे ‘अर्’, पण मापशब्दाआधी ‘ल्यांग’: ल्यांग चर् माव. गाड्यांचा मापशब्दही ल्यांगच, फक्त सूर वेगळा, म्हणून दोन गाड्या म्हणजे ‘ल्यांग ल्यांग छ’. हे उदाहरण पहिल्या महिन्यात टाळा.

रोज पंधरा मिनिटं आणि आठवड्याला दोन मापशब्द, त्याहून जास्त नकोत. पहिल्या आठवड्यात ‘क’ आणि ‘चर्’. ‘क’ सफरचंदाला, माणसाला, चेंडूला चालतो. ‘चर्’ मांजर, पक्षी, ससा यांना. दुसऱ्या आठवड्यात ‘थ्याव’ आणि ‘चांग’, आणि इथे घाई करू नका, कारण खरी गंमत इथेच आहे. थ्याव लांबट, वळणाऱ्या वस्तूंना: नदी, साप, मासा. चांग सपाट पृष्ठभागाला: कागद, फोटो, तिकीट, आणि वरची बाजू सपाट म्हणून टेबल आणि पलंगही.

दोन ताटं घ्या. मीटरभर रिबीन, बुटाची नाडी, मुलाची पँट, टॉवेल, कोरा कागद, फोटो आणि जुनं तिकीट एका टोपलीत टाका. मुलाने वस्तू उचलायची, तिच्यावरून हात फिरवायचा, तुकडा म्हणायचा आणि मग ती ताटात ठेवायची. रिबिनीवरून बोट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातं, कागदावर तळवा पसरतो. हाताची ही हालचाल आठवली की शब्द आठवतो. टॉवेलपाशी बहुतेक मुलं अडतात आणि त्याला चांगच्या ताटात टाकतात. टॉवेल थ्याव आहे. त्याची घडी उलगडून लांबी दाखवा. पँटही (खूत्स) थ्याव, दोन पाय असले तरी तिला जोडी समजायचं नाही.

चित्रांची कार्डं सुरुवातीला वापरू नका. माशाचं कार्ड दाखवून ‘हे काय?’ विचारलं की मुलाच्या हातात असतो कागद, आणि कागद म्हणजे चांग. मग ‘यी चांग य्यू’ ऐकू येतं, मासा चपटा होतो. मुलाचा तर्क अगदी बरोबर असतो, चूक साधनाची असते. रबरी मासा घ्या, किंवा बाजारात खरा दाखवा.

‘पा’ शिकवायला मराठी घर फार सोयीचं. छत्री, सुरी, कात्री, किल्ली, खुर्ची, थोडक्यात हाताने धरायच्या वस्तूंना पा. मूठभर तांदळालाही ‘पा’च: ‘यी पा मी’. आपली ‘मूठ’ हाताचीही असते आणि सुरीचीही, नेमकं तेच. छत्रीची मूठ धरायला लावा, मग डब्यातले तांदूळ मुठीत.

जोडीच्या वस्तूंत हमखास गोंधळ होतो. बुटांचा जोड म्हणजे ‘श्वांग’, त्यातला एकच बूट ‘चर्’. हात, डोळा, कान हेही एकेकटे चर्. चॉपस्टिकच्या जोडीला श्वांग, पण एकटी काडी ‘कन्’. जनावरांतही चर् सगळीकडे चालत नाही: गाय, डुक्कर, हत्ती यांना ‘थोउ’ (शब्दशः डोकं), घोड्याला ‘फी’. हे सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत थांबू शकतं.

वस्तू तीच, पण मापशब्द बदलला की चित्र बदलतं, हे पावाने दाखवा. जाड तोडलेला तुकडा ‘ख्वाय’, पातळ काप ‘फ्येन’. कोणता हवा ते मुलाने मापशब्दानेच मागायचं आणि जे मागितलं तेच हातात द्यायचं.

वर्णन जोडायला चार मापशब्द पक्के झाल्यावरच घ्या. क्रम ठरलेला आहे: आकडा, मापशब्द, वर्णन, ‘त’ (वर्णन नामाला जोडणारा शब्द), नाम. लांब शेपूट म्हणजे ‘यी थ्याव छांग छांग त वेइपा’. कागदाची पट्टी पाच घरांत दुमडा आणि शेवटच्या घरापासून उलटं भरत या: वेइपा, छांग छांग त वेइपा, मग थ्याव, मग यी. पुढून बांधलं तर मूल मध्येच दमतं आणि नामापर्यंत पोचत नाही. रंगाचा किंवा आकाराचा शब्द एकदाच आला तर ‘त’ लागत नाही: यी चर् पाय माव, एक पांढरं मांजर. दुहेरी झाला की ‘त’ हवाच: यी चर् पाय पाय त माव.

इथे मराठीची एक सवय आड येते. ‘मोठी मोठी घरं’ म्हटलं की आपल्याला अनेक घरं दिसतात. चिनीत वर्णन दुहेरी केल्याने संख्या वाढत नाही, वस्तू डोळ्यापुढे ठसठशीत उभी राहते. अनेकपणा दाखवायला मापशब्द दुहेरी होतो: ‘यी त्वो त्वो ह्वा’, फुलंच फुलं. दुसरी सवय मात्र मदतीला येते. आपण पिवळाधमक, हिरवागार, काळाकुट्ट म्हणतो, ‘हिरवाकुट्ट’ म्हणत नाही. चिनीतही शेपटी ठरलेली: शेत ‘ल्यू योउ योउ’, चांदणी ‘ल्यांग चिंग चिंग’, थंडीने लाल झालेले गाल ‘होंग थोंग थोंग’. ‘खूप काळाकुट्ट’ जसं कानाला खटकतं, तसंच दुहेरी वर्णनाआधी ‘हन्’ (खूप) लावलं की चिनी कानाला खटकतं. मुलं ही चूक करतातच.

चूक झाली तर ‘नाही’ म्हणून थांबवू नका. चिनी मातृभाषा असलेली लहान मुलंही सगळीकडे ‘क’ लावतात. मूल ‘यी क य्यू’ म्हणालं तर आपण ‘हो, यी थ्याव य्यू!’ म्हणून पुढे जायचं. प्रश्नही मापशब्दासकट विचारा: ‘चि थ्याव य्यू?’, किती मासे? उत्तराचा निम्मा भाग प्रश्नातच असतो. नुसता आकडा आला तर बोट उचलून पुढच्या शब्दाची वाट बघा.

सहा आठवड्यांनी, आधी कधीच न घेतलेली वस्तू समोर ठेवा. लांब मफलर उत्तम. ‘थ्याव’ आलं तर आकार ओळखून शब्द निवडला जातोय, पुढे जा. ‘क’ आलं तर मफलर रिबिनीच्या ताटात ठेवा आणि त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मुलाचं बोट फिरवून घ्या.